फुगलेलं रबर

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. मेव्हण्याच्या, सुधाकरच्या मोटरसायकलचा पुढचा ब्रेक एकदा मी उघडला आणि पिस्टनभोवतीच्या रबरी रिंगला ब्रेक ऑइलऐवजी चुकून इंजिन ऑइल लावून बसवला. त्या तेलाने हे रबर फुगतं. वळणावर चाक जाम झालं आणि सुधाकर पडला.

आज तोच ब्रेक पुन्हा उघडून बसलोय. नवी रिंग बोटांत धरली तर वजनही जाणवत नाही. ब्रेक दाबला की ती पिस्टनबरोबर किंचित वाकते, सोडला की त्याला हळूच मागे ओढून घेते. थांबवणारं सगळं धातूचं. सोडून देण्याचं काम तेवढं या मऊ कड्याकडे. माणसाच्या आतही असं काहीतरी असावं. माझ्यातलं केव्हाच फुगून बसलंय.

"दाजी, नीट बसवा, नाहीतर ताई घरात घ्यायची नाही," पायरीवर चहा पीत सुधाकर म्हणाला.

"मग तूच चालवून बघ."

"छे! ब्रेकवर माझा हातच जड. एकदा पडलो तेवढं पुरे."

तो हसला. तेव्हापासून त्याने गाडी चालवलेली नाही.

चूक त्याच्या हाताची नव्हती, माझी होती. एवढं एक वाक्य मी अजून त्याला देणं लागतो.