दहा लाख एक

पौषातल्या संध्याकाळी नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीवर पालापाचोळा जाळल्याचा धूर रेंगाळायचा आणि दोरीवरून काढलेल्या कपड्यांना थंडीचा ओलसर वास यायचा. त्या पिवळ्या, लवकर विझणाऱ्या उजेडात, नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात, मी आणि बाबा भागाकार करत बसायचो. आई त्याच वर्षी पावसाळ्यात गेली होती. घरात बोलणारी तीच. आम्ही दोघं जन्माचे घुमे. ती गेल्यावर ‘भाजी काय आणू’ यापलीकडे आमचं संभाषण जाईना, आणि बँकेतून परतताना मला त्या शांततेची धास्ती वाटायची.

बाबांची हयात नोटांच्या छापखान्यात आकडे घालणाऱ्या यंत्रावर गेली. त्या यंत्राची धाव दहा लाखांपर्यंत. निवृत्तीनंतर त्यांच्या मनाने घेतलं, की त्यापुढची संख्या, दहा लाख एक, मूळ आहे का ते पाहायचं. म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला कशानेच भाग जात नाही ना, ते. हजाराच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं, की निकाल लागतो. कॅल्क्युलेटरला बंदी, रोज एकच भाजक. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी भागायचं आणि त्यांनी पडताळायचं. मला ती संख्या हळूहळू आवडू लागली. दोन टोकांना दोन एक आणि मधे शून्यांचं केवढं ओसाड पटांगण. आमच्या घराचाच नकाशा म्हणा ना. पण तेवढा वेळ बाबा बोलायचे, मी हातचा विसरले की चिडवायचे, एकदा तर आईच्या पाढ्यांची आठवण निघून चक्क हसले. ही संख्या अभंग राहील तोवरच हे चालणार, एवढं मला कळत होतं, आणि प्रत्येक भागाकाराच्या शेवटी बाकी उरली की माझा जीव भांड्यात पडायचा.

सत्त्याण्णवनेही बाकी उरली. पेन्सिल खाली ठेवत बाबा म्हणाले, उद्या एकशे तीन घेऊ. बाबा कधी चुकत नसत. मी सवयीने बोलून गेले, “बाबा, एकशे एक राहिला.”

त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसत राहिले. “राहू दे गं. त्याने भाग जातो.”

हे त्यांना केव्हापासून ठाऊक होतं, ते मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बँकेतून जरा लवकरच निघाले, आणि दिवेलागणीच्या आत आम्ही एकशे तीनने भागायला बसलो.