सैल बांगड्या

दुकान वाढवायचं, म्हणजे कायमचं बंद करायचं ठरलं तेव्हा गल्लीत ज्यानं त्यानं एकच विचारलं, "आत्ताच का हो?" आम्ही सांगितलं, पोराकडं राहायला चाललो, बजाजनगरला. ते खोटं नव्हतं. पण पुरतं खरंही नव्हतं.

गुलमंडीच्या मागं आमचं बांगड्यांचं दुकान, सासऱ्यांपासूनचं. हे बांगड्या भरायचे अन् मी गिऱ्हाइकांशी बोलायची. बाईचा हात एकदा दाबला की ह्यांना माप कळायचं, पण तोंडातून दोन शब्द निघतील तर शपथ! ह्यांचं म्हणणं एकच. जी बांगडी आपोआप निघते ती बांगडीच नाय. चुडा भरताना नवरीनं डोळे गच्च मिटले पाहिजेत अन् भरून झाल्यावर हसलं पाहिजे.

मागच्या लग्नसराईत फुलंब्रीची एक बाई लेकीला घेऊन तणतणत दुकानात आली.

"मावशी, असला कसला चुडा भरला? हळद धुताना दोन बांगड्या निघून बादलीत पडल्या! सासरच्यांना काय तोंड दाखवायचं आम्ही?"

माझं टाळकंच सरकलं. "आमच्या माणसाचं माप चुकत नसतं बाई. तुमची पोरगीच वाळली असंल लग्नाच्या काळजीनं!"

पोरगी बिचारी हात पुढं करून उभी. मी दाबून पाहिला. सरळसरळ दोन-चारचा हात. अन् हातातल्या बांगड्या होत्या दोन-आठच्या, मधलं दोन-सहाचं माप सोडून. एक माप चुकलं तर माणूस आहे म्हणता येतं, दोन मापं चुकतात का कुठं? मी ह्यांच्याकडं पाहिलं. हे रस्त्याकडं बघत बसले होते.

बाईची कशीबशी समजूत घातली. नवा चुडा साबण लावून लावून मीच भरला, पोरीचे हात लालभडक झाले. मला हे काम येतं, पण बेताचंच.

दुपारी डबा उघडला तेव्हा विचारलं, "काय हो, दिसत नाय का आता?"

"दिसतंय की."

"मग?"

ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला अन् हात माझ्यापुढं धरला. तुकडा थरथर हलत होता.

"वर्ष झालं असंच चाललंय," म्हणाले. "नवरीच्या हातात वाढवली, तर जन्मभर तिला बोल लावतील. त्यापेक्षा सैल बरी."

आमच्यात बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. अन् नवरीच्या हातात वाढवली म्हणजे तर अपशकुनच. वर्षभर ह्यांच्या मांडीला मांडी लावून बसले अन् मला पत्ता नाय! ह्यांचा राग आला, माझाही आला. अन् लई वाईट वाटलं. भाकरी तशीच डब्यात राहिली.

त्यानंतर ह्यांनी एकाही नवरीचा हात धरला नाही. चार महिन्यांत दुकान वाढवायचं पक्कं झालं.

शेवटच्या दिवशी माल बांधून झाला, फळ्या रिकाम्या झाल्या. गिऱ्हाईक बसायचं तिथं मी बसले अन् हात पुढं केला.

"भरा."

ह्यांनी मोठ्या मापाचा डबा ओढला.

"त्या नको. माझ्या मापाच्या काढा."

"अगं, ऐक जरा."

"मी काय नवरी हाय? मला कोण बोल लावणार?"

पहिली चढली. दुसरीही चढली. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता, ओठ दाबून धरले होते. तिसरी अंगठ्याच्या हाडावर आली अन् कचकन वाढवली. काच माझ्या हातात शिरली.

"म्हटलं नव्हतं तुला!" हे ओरडले. एवढ्या वर्षांत दुकानात ह्यांचा आवाज कधी चढला नव्हता. माझा हात सोडून तोंड फिरवून बसले. खांदे हलत होते.

मी पदरानं रक्त पुसलं अन् हात परत ह्यांच्या मांडीवर ठेवला.

"पुढची घ्या," म्हटलं.