ठेवू का?

ऑपरेटरकाका फोन कधी आधी ठेवत नसत. बोलणं संपलं की विचारत, “ठेवू का?” समोरचा “ठेवा” म्हणेपर्यंत रिसीव्हर कानाला. सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. लाइन मध्येच तुटली तर पलीकडचा माणूस अर्धा राहतो, असं ते म्हणत.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत ते शेजारच्या खोलीत एकटे राहत. मी इंग्रजी शाळेतली, फारशी कुणाशी न बोलणारी. त्यांनी मला काम लावून दिलं: मंगळावर उतरलेल्या यानाच्या बातम्या वाचायच्या आणि मराठीत सांगायच्या. यानाला माइक होता. त्याने टिपलेला तिथला वारा मी मोबाइलवर लावला. रिकाम्या खोलीत कुणी चादर ओढत न्यावी तसा आवाज. काका डोळे मिटून ऐकत राहिले.

“लाइन चालू आहे गो,” ते हळूच म्हणाले. “पलीकडे कुणीतरी आहे. बोलत नाही, एवढंच.”



यानाच्या सौरपट्ट्यांवर धूळ साचत चालल्याचं वाचलं, तेव्हापासून ते आपला काळा टेलिफोन रोज दोनदा पुसू लागले. मग एके दिवशी बातमी आली. पुन्हा पुन्हा हाक देऊनही यानाचं उत्तर नाही, मोहीम संपली. मी सांगितलं, “त्याने फोन ठेवला, काका.”

“विचारून ठेवला?”

मी नकारार्थी मान हलवली.

“मग ठेवला म्हणू नको. तुटला म्हण.”

त्यानंतर रोज दुपारी ते वारा लावायला सांगत, मोबाइलला “ठेवू का?” विचारत आणि उत्तराची वाट बघत. बंद मलाच करावा लागे.

पावसाळ्यात त्यांना परळच्या हॉस्पिटलात नेलं. एका दुपारी त्यांचा फोन आला. ऑक्सिजनच्या मास्कमधून हवा सुसाटत होती. “ऐक, तुझा वारा,” ते म्हणाले. थोड्या वेळाने, “ठेवू का?”

मला कळलं ते काय विचारतायत.

“बोल गो. अर्धा ठेवू नको मला.”

“ठेवा, काका.”

ते पुढे बोलले नाहीत. वारा मात्र येत राहिला. मी मोबाइल उशीवर ठेवून बसून राहिले.

संध्याकाळी त्यांचा पुतण्या आला. काका दुपारीच गेले, म्हणाला, तुझ्याशी बोलता बोलता. मास्क लगेच काढला. त्यांचा मोबाइल त्याने खिशातून काढून दाखवला. तो तेव्हापासून बंद होता.

तो गेल्यावर मी उशीवरचा मोबाइल कानाला लावला. आत वारा होता.

“ठेवू का?” मी विचारलं, आणि थांबले.