नाशिक म्हणजे किती जेवणं

गावाचं नाव काढलं की मावशी हातातला झारा थांबवून विचारायच्या, "म्हंजे किती जेवणं?"

शहराबाहेरच्या वाडीत, आमच्या ट्रान्सपोर्टच्या गोदामासमोर त्यांची खानावळ होती. ट्रक निघाला की ड्रायव्हरची शिदोरी त्याच बांधून द्यायच्या. रायपूर एक जेवण, नाशिक दोन जेवणं आणि वर ठेचा. मी गोदामातला बुकिंग क्लार्क, किलोमीटर सांगायला गेलो की त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत. आपल्या मापावर ठाम असलेली अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

त्यांची एकुलती मुलगी नाशिकला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरीच होणार, हे त्यांनी लग्नातच व्याह्यांना बजावलं होतं. एकदा दिवस राहून गर्भ टिकला नव्हता. या खेपेला मावशी हट्टालाच पेटल्या. मुलीला गाडीचे धक्के नकोत म्हणून तिला विमानानं आणायचं ठरलं.

मी मोबाइलवर पाहून सांगितलं, "रस्त्यानं सातशेच्या जवळपास. विमानानं साडेपाचशे, दीड-पावणेदोन तास."

"मंग मधातले गावं कुठं गेले?"

"विमान सरळ जातं, मावशी."

हे काही त्यांना पटलं नाही. तरी न्यायला जातानाचं तिकीटही त्यांनी विमानाचंच काढायला लावलं.

"जाताना रेल्वेनं जा की," मी म्हटलं.

"काहून? पोरीले ज्याच्यात बसवाचं, त्याच्यात पह्यले मी बसून पाहीन."

निघायच्या आदल्या दिवशी जावयाचा फोन आला. डॉक्टरांनी मुलीला पलंगावरून उठायलाही मनाई केली होती. प्रवास बंद, विमानाचासुद्धा. सगळे म्हणाले, आता तिकीट रद्द करा. मावशींनी फक्त परतीची दोन तिकिटं रद्द करवली.

"तिले येता येत नाही, तं माहेर जाईल तिच्याकडे," त्या म्हणाल्या आणि डिंकाचे लाडू वळायला बसल्या.

विमानतळावर मीच सोडलं. सामानात लाडू, अळीव, जुन्या लुगड्यांची गोधडी, शेकाची शेगडी आणि नाशिकच्या हिशेबानं बांधलेली दोन जेवणं. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसणार होत्या. पण त्या मागे न बघता आत गेल्या.

संध्याकाळी फोनवर कुरकुरल्या, "डबा उघडाच्या आधीच उतरा म्हणतेत गा. दोन्ही जेवणं जावयाच्या घरी खाल्ले."

खानावळीचं शटर तेव्हापासून बंद आहे. आम्ही चौकात मिळेल ते खातो आणि जेवताना मावशींच्या नावानं बोटं मोडतो. खरं सांगायचं तर त्यांच्यावाचून करमत नाही.

परवा दुपारी फोन आला. नात झाली, दोघी सुखरूप. मला फार बरं वाटलं, तरी चेष्टेनं म्हणालो, "शेवटी नाशिकलाच झालं ना, मावशी?"

"नाशिकले कसं?" त्या म्हणाल्या. "मी आहो ना इथं. माहेरीच झालं."