बुजवलेला खड्डा

अठ्ठावन्न सालच्या दसऱ्याच्या आदल्या सकाळी आमच्या शहराबाहेरच्या वाडीत एका विधवेवर अन्याय झाला. मालवणकडे नव्या सुंभाचा, काथ्याच्या दोरीचा, वास आला की तो अन्याय आठवतो. काथ्यासाठी तिने नारळाची सोडणं, म्हणजे वरची जाड सालं, दहा महिने खाडीकाठच्या खड्ड्यात कुजत घातली होती. शहराला घाण वास येतो म्हणून नगरपालिकेचा मुकादम गड्यांकडून तो खड्डा बुजवून घेत होता. "दोन दिस थांबा रे, माका सोडणां काढूक दिया!" ती विनवत होती. "तुका वास येणा नाय काय गो?" मुकादम हसला. "येता. त्याच वासार माजी चूल पेटता!" माती पडतच राहिली. मुकादमाच्या खिशात दुर्गंधीविरुद्धचं पत्रक होतं. ते मीच लिहिलेलं. त्या सकाळपर्यंत मी वाडीत पाऊलही टाकलं नव्हतं. आता दुसऱ्या वाडीविरुद्धचा अर्ज तुमच्या दारी आलाय. सही करण्याआधी तिथे जा, आणि तिथल्या बायकांना विचारा.