रोज त्याच संध्याकाळी जागं होणारं मशीन

पोलिसातल्या नोकरीत चोऱ्या-दरोडे पुष्कळ पाहिले, पण नवीन जालन्यातल्या त्या बियाणे कंपनीचं प्रकरण आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

नव्वदीची सुरुवात होती. कंपनीचा संगणक सांभाळणारे गृहस्थ अचानक वारले. त्यांच्या जागी एका शिक्षकाची मुलगी आली. ती दिवसभर बियाण्याच्या उगवण चाचण्यांचे निकाल भरायची आणि सकाळी सगळं गायब! शेवटची नोंद मयताच्या शेवटच्या संध्याकाळची. 'ते जागा सोडीनात,' अशी कुजबुज सुरू झाली. मॅनेजरने मात्र फिर्याद दिली, की पोरगी दुसऱ्या कंपनीला फितूर आहे, मुद्दाम पुसते.

मी भुताखेतांना मानत नाही. मुलीच्या त्या दिवसाच्या नोंदी स्वतः पाहिल्या, मशीन बंद करून पंचांसमक्ष खोलीला लाखेचं सील ठोकलं, दाराशी शिपाई बसवला. सकाळी सील शाबूत. मशीन चालू केलं, तर पुन्हा तीच संध्याकाळ! शिपाई रामराम पुटपुटू लागला. खरं सांगतो, मीही खुर्ची मागे ओढली.

"तिनं आधीच काहीतरी करून ठेवलंय, अटक करा," मॅनेजर हटून बसला.

ठाण्यात मुलीला विचारलं, "पोरी, कुणाच्या सांगण्यावरून करतेस?"

"कुणाच्याच न्हाई, साहेब. मला आत टाकलं तर माझे वडील वर्गात कसे उभे राहतील?" तिची नजर खाली गेली नाही.

मयताचं कुणाशी वाकडं होतं का, हे विचारायला अंबडला त्यांच्या घरी गेलो. त्यांची पत्नी म्हणाली, "वाकडं कुनाशीच न्हाई. पन मशीनला निजवल्याबिगर उठायचे न्हाईत. म्हनायचे, मी निजवलं न्हाई तर त्याला आजचं काहीच ध्यानात राहत न्हाई."

परत येऊन मुलीला कंपनीत बोलावलं आणि हे सांगितलं, तशी ती मशीनपाशी धावली. मशीन सुरू होताना आपोआप चालणाऱ्या सूचना उघडून वाचल्या आणि ओरडली, "सापडलं, साहेब!"

काम जल्दी व्हावं म्हणून त्या गृहस्थांनी संगणकाच्या मेमरीतच एक डिस्क बनवली होती. मशीन सुरू होताच जुन्या नोंदी तिच्यात उतरायच्या. पण वीज बंद केली की ती डिस्क कोरी! म्हणून निघताना एक आज्ञा देऊन ते दिवसभराचं काम कायमच्या डिस्कवर ठेवायचे. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

मुलीनं नोंदी पुन्हा भरून ती आज्ञा दिली. दुसऱ्या सकाळी तिच्या नोंदी जागच्या जागी होत्या. मॅनेजरला मी सगळ्यांसमोर तिची माफी मागायला लावली. तेव्हापासून कुठल्याही तपासात मयताच्या शत्रूंआधी मी त्याच्या सवयी विचारत आलो.

भुताची अफवा थांबावी म्हणून मयताच्या पत्नीलाही बोलावलं होतं. पडद्यावर शेवटच्या नोंदीची नवी तारीख दाखवली. तिनं त्या तारखेवर बोट टेकवलं.

"म्हंजे इतके दिवस ते इथंच व्हते," ती म्हणाली. "आता गेले."