ज्यात परसदारही गेलं तो शब्द

कुळगावचं घर सोडलं तेव्हा टेम्पोत कपाट, पलंग आणि दळणाचे डबे चढले. पुढच्या दाराला मी कुलूप लावलं, मागच्याला नुसती कडी. मुलगा म्हणाला, "आई, बस आता. बिल्डर पाडणारच आहे, कुलूप कशाला?"

मी म्हटलं, "घर दिलंय त्याला. परसदार नाही दिलं."

तो हसला. मला वाटलं, त्याला कळलं.

न्हाणीमागच्या मातीत माझ्या प्रत्येक बाळंतपणातली वार पुरलेली आहे. आपल्यात तशीच रीत. तेवढा कोपरा आपला राहील असं मी धरून चालले होते. बिल्डरच्या कागदावर सही मीच केली, चौथी शिकलेय. पण कागद इंग्रजी होता.

पुढं एकदा अंबरनाथच्या नव्या घरून परसातल्या शेवग्याच्या शेंगा काढायला गेले, तर सगळीकडून पत्रे ठोकलेले. वॉचमन म्हणाला, "माताजी, अंदर अलाउड नहीं है."

"पीछे मेरा परसदार है."

"वो क्या होता है?"

नात वकिलीचं शिकते. तिनं कागद काढून एका शब्दावर बोट ठेवलं. मेसविज. "फार जुना शब्द आहे, आजी. इंग्लंडात जमिनीच्या कागदांत लिहायचे. घर, गोठा, अंगण, बाग, घराला लागून असलेलं सगळं त्यात येतं. आता तिकडंही कोणी बोलत नाही."

"मग माझ्या कागदात कसा आला?"

"जुना मसुदा समोर ठेवून नवा लिहितात. कोणी बदलत नाही."

"म्हणजे आपलं घरदार."

"तसंच."

"माणसं येतात त्यात?"

"नाही. फक्त जागा."

"मग घरदार नाही ते."

कोपरा काही परत मिळाला नाही.

कुळगावात राहिलेल्या जावांनो, सही करण्याआधी कागद कोणाकडून तरी वाचून घ्या. परसदार ठेवायचं असेल तर तसं लिहून घ्या. माझ्यासारख्या बिल्डिंगीत आलेल्यांना सांगून उपयोग नाही.

नातसुनेला मुलगी झाली. हॉस्पिटलनं वार दिली नाही, मीही मागितली नाही. पुरणार कुठं? गॅलरीत फरशी आहे. बाळाला अंघोळ मात्र मीच घालते. बाथरूमात पाटावर बसते, पाय लांब करून तिला पायांवर घेते. पाणी जाळीतून खाली जातं. कुठं जातं, माहीत नाही. कंबर दुखते. पाणी ओतायला मी आणि रडायला ती, एवढंच आता माझं घर.